मुक्तिबोध : एका विरळ आडनावाची चिकित्सा

आडनावांविषयी लिहिण्याची हौस आपल्या बृहन्महाराष्ट्रातील घराण्यांत जुनी आहे. मूळ गाव सुटले, वतन सुटले, काही ठिकाणी घरातली भाषाही अर्धीमुर्धी सुटली; आडनाव तेवढे राहिले. त्यामुळे त्याच्यावर जीव जडणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु या हौसेतून जे लेखन होते, त्यात दोन दोष वारंवार आढळतात. पहिला दोष दंतकथेलाच इतिहास मानण्याचा. दुसरा, आडनाव विरळ असले की कुळ थोर असलेच पाहिजे, असे गृहीत धरण्याचा. या दोन्ही दोषांची परीक्षा एकाच उदाहरणावर करावी, या हेतूने आम्ही एक आडनाव निवडले आहे. आधुनिक हिंदी कवितेच्या वाचकाने ते ऐकलेले नाही असे होणे कठीण, आणि तरीही त्या आडनावाची घरे अगदी थोडी. ते आडनाव म्हणजे मुक्तिबोध.

या आडनावाच्या दोन सख्ख्या भावांनी दोन भाषांच्या साहित्यात स्थान मिळविले. थोरले गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. त्यांनी हिंदीत लिहिले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्याच वर्षी, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. धाकटे शरच्चंद्र माधव मुक्तिबोध १९२१ साली जन्मले आणि १९८४ साली निवर्तले. त्यांनी मराठीत लिहिले. ‘नवी मळवाट’ आणि ‘यात्रिक’ हे त्यांचे कवितासंग्रह; ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ ही त्यांची कादंबरीत्रयी; ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एक घर, एक आडनाव आणि दोन भाषा. यामुळे या आडनावाचा विचार आपल्यासारख्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा.

आडनावाच्या मुळाकडे जाण्यापूर्वी मराठी आडनावे कशी घडतात, याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. आपल्या आडनावांचा एक मोठा वर्ग गावावरून पडलेला आहे. गावाच्या नावाला ‘कर’ लागला की आडनाव सिद्ध होते. दुसरा वर्ग हुद्द्यांचा किंवा वतनांचा : कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, चिटणीस, फडणीस, मुजुमदार. तिसरा वर्ग एखाद्या पूर्वजाच्या रंगरूपावरून, स्वभावावरून वा एखाद्या प्रसंगावरून पडलेल्या टोपणनावांचा. काळे, गोरे ही त्याची सोपी उदाहरणे. चौथा वर्ग विद्येच्या व्यवसायाचा : पाठक, पुराणिक, वैद्य, जोशी, भागवत. या चौथ्या वर्गाकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत, म्हणून त्यातील ‘भागवत’ हे आडनाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कोणते आडनाव सर्वत्र आढळावे आणि कोणते विरळ असावे, हे बव्हंशी या वर्गांवरूनच ठरते. गाव तिथे कुलकर्णी होता. म्हणजे ‘कुलकर्णी’ हे आडनाव एकदा जन्माला आलेले नाही. ते शेकडो गावांत, परस्परांशी काही नाते नसलेल्या घरांत, स्वतंत्रपणे जन्माला आले. देशपांड्यांचा अधिकार परगण्यावर, आणि एका परगण्यात अनेक गावे. तेव्हा देशपांड्यांची मूळ घराणी कुलकर्ण्यांहून कमी असणार, हे ओघानेच आले. ‘कर’कारान्त आडनावांत गाव मोठे असेल तर तेथून अनेक घराणी बाहेर पडतात, लहान असेल तर एखादेच. आता ज्या आडनावाचा उगम एकाच व्यक्तीत, एकाच प्रसंगात किंवा एकाच वस्तूत आहे, ते एकदाच जन्मते. त्याला भाऊबंद असतात, पण नावबंधू नसतात. तात्पर्य, आडनाव किती वेळा जन्मले यावर त्याचा प्रसार अवलंबून असतो. त्यात कुळाच्या थोरवीचा वा प्राचीनतेचा काही संबंध नाही. ‘कुलकर्णी’ हे कमी थोर आणि ‘मुक्तिबोध’ अधिक थोर असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. किंबहुना पुढे दिसेल त्याप्रमाणे मुक्तिबोध हे मूळचे कुलकर्णीच होत.

या घराण्याविषयीची परंपरागत कथा गजाननरावांच्या चरित्रपर लेखनात सर्वत्र उद्धृत होते. ती अशी. घराणे मूळचे खानदेशातील जळगावचे, कुलकर्ण्यांचे. खिलजींच्या काळात घराण्यातील एका पूर्वजाने ‘मुग्धबोध’ किंवा ‘मुक्तबोध’ नावाचा एक आध्यात्मिक ग्रंथ रचला. कालांतराने त्या ग्रंथाच्या नावावरून कुलकर्ण्यांचे मुक्तिबोध झाले. पुढे गजाननरावांचे पणजोबा जळगाव सोडून ग्वाल्हेर संस्थानात आले आणि घराणे उत्तरेस स्थिरावले.

कथा मोठी मनोहर आहे आणि म्हणूनच आजवर ती जशीच्या तशी पुढे दिली गेली. ती खोटी आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पण कथेत जे तीन तपशील आहेत, त्यांचा एकत्र विचार करावा, एवढाच आमचा आग्रह आहे. पहिला तपशील काळाचा : खिलजी. दुसरा ग्रंथनामाचा : मुग्धबोध किंवा मुक्तबोध. तिसरा ग्रंथाच्या स्वरूपाचा : आध्यात्मिक.

काळाचा तपशील घेऊ. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील पहिली स्वारी १२९६ ची. म्हणजे कथा आपल्याला यादवकाळाच्या अखेरीस नेऊन सोडते. त्याच काळात, त्याच देवगिरीच्या आश्रयाने ‘मुग्धबोध’ नावाचा एक ग्रंथ खरोखरच सिद्ध झाला होता. तो बोपदेवाचा. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १२६१ ते १३११ या अवधीत, हेमाद्री उर्फ हेमाडपंत हा मंत्री होता आणि बोपदेव हा त्याच्या आश्रयातील पंडित. पाणिनीच्या व्याकरणाचा पसारा नवशिक्याला झेपत नाही, म्हणून त्याने सुटसुटीत संस्कृत व्याकरण रचले आणि त्याला ‘मुग्धबोध’ असे नाव दिले. येथे ‘मुग्ध’ म्हणजे अजाण, नवखा. मुग्धबोध म्हणजे नवख्याला होणारा बोध.

आता तिसरा तपशील. कथेतील ग्रंथ आध्यात्मिक आहे आणि बोपदेवाचा मुग्धबोध तर व्याकरणाचा. येथे कोणी म्हणेल की दोन्हींचा मेळ बसत नाही. पण याच बोपदेवाचा दुसरा प्रसिद्ध ग्रंथ आहे ‘मुक्ताफल’. तो भागवतावर आधारलेला, भक्तीचे विवेचन करणारा ग्रंथ असून त्यावर ‘कैवल्यदीपिका’ ही टीका आहे. एकाच पंडिताच्या एका ग्रंथाच्या नावात ‘मुग्ध’, दुसऱ्याच्या नावात ‘मुक्त’शी जुळणारा ध्वनी; एक व्याकरण, दुसरा अध्यात्म. घराण्याच्या कथेतही नावाचा असाच हेलकावा आहे : मुग्धबोध की मुक्तबोध? हा हेलकावा योगायोगाचा असू शकतो. पण काळ, प्रदेश, नाव आणि स्वरूप ही चारही चिन्हे एकाच दिशेला बोट दाखवीत असतील, तर समीक्षकाने त्या दिशेला पाहिले पाहिजे. आमचे अनुमान असे की, कथेत बोपदेवाच्या ग्रंथांची स्मृती मिसळलेली आहे.

यावर घराण्याचा अभिमान बाळगणारे वाचक रागावतील, कारण पूर्वज ग्रंथकर्ता होता ही गोष्ट यातून निसटते. पण तसे होण्याचे कारण नाही. मघाशी ध्यानात ठेवण्यास सांगितलेले ‘भागवत’ हे आडनाव येथे उपयोगी पडते. भागवत आडनावाच्या घराण्याने भागवत रचले, असे कोणी म्हणत नाही. भागवत सांगणारे, त्याचा सप्ताह करणारे ते भागवत. त्याच रीतीने मुग्धबोध शिकविणारा वा मुक्ताफल सांगणारा एखादा शास्त्री पूर्वज या आडनावाच्या मुळाशी असणे सहज संभवते. त्याने स्वतःची एखादी रचना त्याच नावाने केली असेल, तर तेही त्या काळच्या रीतीला धरूनच होईल. पूर्वजाची विद्या यातून कमी होत नाही. फक्त ती कोणत्या प्रकारची विद्या होती, ते अधिक नेमके कळते. लोकस्मृतीची एक खोडच आहे. पाठशाळेतला शिक्षक ती काही पिढ्यांनी ग्रंथकार करते, जसे दगड चुन्याशिवाय रचलेले प्रत्येक जुने देऊळ ती हेमाडपंतांच्या नावावर लावते आणि मोडी लिपीही त्यांनीच आणली असे सांगते.

नावाचे रूप कसे बदलले, हेही समजण्याजोगे आहे. ‘मुग्ध’ शब्दाचा ‘नवखा’ हा शास्त्रीय अर्थ मराठीत मागे पडला आणि ‘मोहित’, ‘लाजरी’ अशा छटा रूढ झाल्या. ‘मुग्धबोध’ म्हणजे काय, हे घरातल्यांनाच उमगेनासे झाल्यावर उच्चाराने जवळचा आणि अर्थाने सोज्ज्वळ असा ‘मुक्त’, आणि पुढे ‘मुक्ति’, त्याच्या जागी आला असावा. न कळणाऱ्या शब्दाला कळणारा अर्थ देऊन टाकण्याची ही लौकिक व्युत्पत्तीची वाट आपल्या भाषेत फार मळलेली आहे. ज्या भाषेत ‘दासबोध’ घरोघर आहे, तिला ‘मुक्तिबोध’ परका वाटण्याचे कारणच नव्हते.

या अनुमानाने विरळतेचाही उलगडा होतो, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. बोपदेवाचा मुग्धबोध देवगिरीला जन्मला, पण त्याचे खरे राज्य बंगालमध्ये झाले. तेथील पाठशाळांत तो शतकानुशतके घोकला गेला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी एकोणिसाव्या शतकात सोपी व्याकरणे लिहिली, ती या मुग्धबोधाच्या घोकंपट्टीतून विद्यार्थ्यांना सोडविण्यासाठी. ग्रंथच बृहन्महाराष्ट्रीय झाला, असे म्हटले तरी चालेल. महाराष्ट्रात त्याचे पठण भागवतासारखे गावोगाव होत नव्हते. भागवत गावोगाव सांगितले गेले, म्हणून भागवत अनेक ठिकाणी झाले. मुग्धबोधाचा शास्त्री एखाद्याच ठिकाणी झाला, म्हणून मुक्तिबोध एकदाच जन्मले. विरळतेचे कारण येथे ग्रंथाच्या प्रसारात सापडते. कुळाच्या उच्चनीचतेत ते शोधावे लागत नाही.

कुलकर्ण्यांनी आपले आडनाव का टाकले असेल, हा प्रश्नही सोडून देता येत नाही. वतनदार माणूस गावात आहे तोवर ‘कुलकर्णी’ या शब्दाला मोल असते. त्याच्या मागे दफ्तर, हक्क, मानपान आणि जमीन उभी असते. मुंबई राज्यात ही वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली, तोवर या नावामागे काही ना काही अधिकार शिल्लक होता. पण गाव सोडून परमुलखात गेलेल्याच्या दृष्टीने ‘कुलकर्णी’ हे नाव रिकामे होते. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचे ‘लष्कर’ हे शहर झाले. तेव्हापासून दक्षिणेतून कारकून, शिलेदार, शास्त्री आणि भिक्षुक तिकडे जात राहिले. त्या गर्दीत कुलकर्णी किती असतील, याची कल्पना करावी! तेथे ओळख पटविण्यास वतनाचे नाव उपयोगाचे नव्हते; घराण्याचे एखादे वेगळे, कोणाशी न जुळणारे नाव उपयोगाचे होते. जुने उपनाव आधीपासून असले, तरी तेच पक्के होण्यास स्थलांतराने हातभार लावला, असे आम्हांस संभवनीय वाटते. आपल्यापैकी अनेक घराण्यांची आडनावे अशीच वाटेत पक्की झाली आहेत.

आता संख्येकडे वळू. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने २००० आणि २०१० च्या गणनांवरून शंभर किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आडनावांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे जनगणनेच्या पत्रकात माणसाचे नाव लिहून घेतात, पण आडनावांची कोष्टके तिच्या खंडांत नसतात. त्यामुळे एखाद्या मराठी आडनावाची ‘इतकी माणसे, अमुक राज्यात इतकी’ अशी नेमकी गणती कोणी सांगू लागला, तर ती मतदार याद्या, दूरध्वनी पुस्तके वा तत्सम साधनांवरून बांधलेला अंदाज असते. मोठ्या आडनावाच्या बाबतीत असा अंदाज चालून जातो. विरळ आडनावाच्या बाबतीत चार घरे निसटली तरी सारे चित्र पालटते.

शिवाय लिपीचा घोळ आहेच. हिंदीच्या प्रचलित वर्णमालेत ‘ळ’ नाही. त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरला काळे यांचे ‘काले’ होतात, चिंचाळकरांचे ‘चिंचालकर’ होतात, टिळक तर ‘तिलक’ म्हणूनच ओळखले जातात. बेळगाव आणि बडोदे येथील वाचकांना ही अडचण कमी जाणवते, कारण कन्नड आणि गुजराती या दोन्ही लिप्यांत ‘ळ’ आहे. एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन प्रांतांत दोन आडनावांनी नोंदल्या जातात आणि मोजणाऱ्याला ती दोन विरळ आडनावे वाटतात. ‘मुक्तिबोध’ या आडनावाला मात्र हा विकार झाला नाही. त्यात ‘ळ’ नाही, ‘कर’ नाही. इतकेच काय, ‘मुक्ती’ हा शब्द सुटा असता तर मराठीने त्याची इकार दीर्घ केली असती. समासात पूर्वपदी असल्याने ती मराठीतही ऱ्हस्वच राहते. म्हणून हे आडनाव दोन्ही भाषांत एकाच रूपाने लिहिले जाते. याचा परिणाम काय झाला, ते पुढे पाहू.

विरळ आडनावाच्या वाट्याला येणारा धोका गणिताने दाखविता येतो. सर फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली हाच प्रश्न जाहीरपणे मांडला होता : आडनाव बापाकडून मुलाकडे जाते, तर काही पिढ्यांनी किती आडनावे नष्ट होतील? रेव्हरंड वॉटसन या गणितज्ञाने त्यात हात घातला आणि त्या विचारातून पुढे गणिताची एक शाखाच उभी राहिली. तिचा निष्कर्ष सोप्या भाषेत असा की, दर पुरुषामागे सरासरी एक किंवा त्याहून कमी मुलगा असेल, तर आडनाव कधी ना कधी संपणारच. सरासरी एकाहून अधिक असली, तरी संपण्याची शक्यता शून्य होत नाही. कल्पना करण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या पुरुषाला मुलगा नसण्याचा संभव तीनात एक आहे. ज्या आडनावाचे एकच घर आहे, ते एका पिढीत संपण्याचा संभवही मग तीनात एक. दहा घरे असतील, तर ती सर्व एकदम संपण्याचा संभव एकोणसाठ हजारांत एकाहूनही कमी. एक घर आणि दहा घरे यांत अंतर एवढे मोठे आहे. विरळ आडनाव हे मिरविण्याचे भूषण नसून ती एक नाजूक अवस्था आहे, हे यावरून कळावे.

मात्र या गणितातील एक गृहीतक आमच्या मते तपासून पाहण्यासारखे आहे. ते गृहीतक म्हणजे, घराणे पुरुषांतूनच चालते. आडनाव पुरुषांतून चालत असेल. घराण्याची वाणी, कथा आणि संस्कार तसे चालत नाहीत. मुक्तिबोध बंधूंचे वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते, हे सर्वजण सांगतात. पण त्यांच्या आई पार्वतीबाई ईसागढच्या, हिंदी वातावरणात वाढलेल्या. हरिभाऊ आपटे आणि प्रेमचंद हे दोघेही त्यांच्या आवडीचे लेखक. आपल्याला प्रेमचंदांचा भक्त आईने केले, असे गजाननरावांनी एका लेखाच्या शीर्षकातच नोंदविले आहे. आता पाहा, एका मुलाने प्रेमचंदांची भाषा घेतली आणि दुसऱ्याने आपट्यांची. आडनाव बापाकडून आले खरे, पण त्या आडनावाला ज्या दोन साहित्यांत अर्थ प्राप्त झाला, ती दोन्ही साहित्ये आईच्या वाचनात एकत्र नांदत होती. आडनावाचा वंशवृक्ष काढणारे तिच्या माहेरचा उल्लेख एका कंसात करतात. ही पद्धत बदलली पाहिजे.

आता, आधी सूचित केलेल्या परिणामाकडे येऊ. पराडकर म्हटले की हिंदी वाचकाला कळते की हे दक्षिणेकडचे. वाराणसीच्या ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर हिंदी पत्रकारितेचे आधारस्तंभ झाले, तरी त्यांच्या आडनावाने गावाचा पत्ता टाकला नाही. बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देऊसकर यांचेही तसेच. ‘मुक्तिबोध’ या आडनावात गावाचा पत्ताच नाही. ते शुद्ध संस्कृत, अर्थपूर्ण आणि गंभीर. निराला, दिनकर, अज्ञेय, नागार्जुन अशा उपनामांनी ज्या भाषेचे काव्यदालन भरलेले आहे, तेथे ‘मुक्तिबोध’ हेही कवीने धारण केलेले उपनामच वाटले, तर नवल नाही. कित्येक ठिकाणी ते अवतरणचिन्हांत छापले जाते, ते यामुळेच. मराठी रीतीची एकच खूण नावात उरली : मधले ‘माधव’, म्हणजे वडिलांचे नाव. तीही लोकांनी पुढे सोडून दिली आणि नुसते ‘मुक्तिबोध’ राहिले.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. उपनाम म्हटले की ते कवीने आपल्या विचारसरणीला साजेसे निवडले, असा अर्थ होतो. मग ‘मुक्ती’ या शब्दावरून कवितेचा अर्थ लावण्याचा मोह होतो. जे नाव जळगावकडच्या कुलकर्ण्यांना पिढ्यांपूर्वी पडले आणि ज्याचे मूळ बहुधा एका व्याकरणाच्या पाठात आहे, त्याच्यावर विसाव्या शतकातील मार्क्सवादी कवीचे तत्त्वज्ञान लादणे हे समीक्षेचे काम नव्हे. नाव वारशाने मिळाले होते. कविता त्यांनी स्वतः, अपार कष्टाने, मिळविली होती. दोहोंची सरमिसळ केल्याने कवीवरच अन्याय होतो.

हिंदी वाचकाच्या चुकीकडे बोट दाखवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपली चूक याच्या उलट आहे. अज्ञेयांनी संपादिलेल्या १९४३ च्या ‘तारसप्तका’तील सात कवींपैकी दोन मराठी घरांतले, एक मुक्तिबोध आणि दुसरे ग्वाल्हेरचे प्रभाकर माचवे, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. सांगावी. पण ती सांगताना आपण कवितेवर नव्हे, तर आडनावावर हक्क सांगत असतो. त्याच आडनावाचे, त्याच घरातले, मराठीतच लिहिणारे शरच्चंद्र मुक्तिबोध आपल्या किती वाचकांनी वाचले आहेत? क्षिप्रा ही उज्जयिनीची नदी. माळव्यातील नदीचे नाव धारण करणारी कादंबरी १९५४ साली मराठीत आली, हे माळव्यातील मराठी घरांना तरी ठाऊक असावे, अशी अपेक्षा अवाजवी नव्हे. परंतु महाराष्ट्रात ज्यांची कीर्ती परप्रांतातून परत येते त्यांचा सत्कार होतो, आणि जे मराठीतच राहिले ते मागे पडतात, असा अनुभव आहे. दोघे भाऊ एके काळी नागपुरात होते. ते नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि त्यात हिंदी व मराठी दोन्ही नांदत होत्या. भाषावार प्रांतरचनेने राज्याच्या सीमा बदलल्या, त्याबरोबर दोघा भावांचे वाचकही वेगळे झाले. आडनाव एकच राहिले. त्याला ऐकणारी कानांची जोडी मात्र दुभंगली.

या साऱ्या विवेचनातून आपल्या मंडळींसाठी काय घ्यावयाचे? आपल्यापैकी कित्येकांची आडनावे मुक्तिबोधांइतकीच विरळ आहेत, फक्त त्यांच्या वाट्याला कवी आला नाही. अशा घराण्यांचे कुलवृत्तांत अजून लिहिले जातात आणि ते लिहिले जावेत. पण ते लिहिताना काही पथ्ये पाळली पाहिजेत. घरातली कथा जशी सांगितली जाते तशीच, तिच्या पाठभेदांसह, लिहून ठेवावी. ‘मुग्धबोध किंवा मुक्तबोध’ यातला तो ‘किंवा’ कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने खोडला असता, तर आम्हांस बोपदेवापर्यंत जाण्याची वाटच उरली नसती. कथा आणि पुरावा यांची पाने वेगळी ठेवावीत. माहेरवाशिणी आणि सुना यांच्या गावांची व वाचनाची नोंद पुरुषांच्या हुद्द्यांइतक्याच विस्ताराने करावी. आडनाव कोणत्या लिपीत कसे लिहिले जाऊ लागले, याचे दाखले, जुने दाखलेपत्र असो वा रेशनपत्रिका, जपावेत. माळ्यावरची मोडी कागदपत्रे वाचणारा माणूस घरात नसेल, तर तो शोधावा, पण कागद रद्दीत घालू नयेत.

विरळ आडनाव संपण्याचा संभव गणिताने सांगितला आहे आणि त्यापुढे कोणाचे काही चालत नाही. पण आडनाव संपले म्हणजे त्यामागची विद्या संपलीच पाहिजे, असा काही नियम नाही. बोपदेवाच्या वंशाची विचारपूस आज कोणी करीत नाही. त्याचा ग्रंथ परमुलखातल्या पाठशाळांत शतके टिकला. मुक्तिबोधांची घरे किती, हा प्रश्न म्हणून दुय्यम आहे. दोन्ही मुक्तिबोधांची पुस्तके किती मराठी घरांत आहेत, ही गणती मात्र आपल्या हातची आहे. ती आपण आपल्या मंडळाच्या ग्रंथालयापासून सुरू करावी.